रिकाम्या जागेचा पत्ता

रेणुकाने स्वयंपाकघरातून नुसतं “सुहास” म्हटलं आणि मी हातातलं टाकून आत धावलो. एरवी तिच्या हाकेमागोमाग एखादं काम येतं. या वेळी मागोमाग काहीच आलं नाही.

ती ओट्याला धरून उभी होती. गाऊनची खालची कड लाल झाली होती आणि फरशीवर रक्ताची पावलं उमटली होती. आठवा महिना चालू होता. वार खाली, पिशवीच्या तोंडावर आहे, हे सावंतवाडीच्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं आणि चांगलं बजावलंही होतं: रक्त दिसलं की बाईला चालवायचं नाही, बसवायचं नाही, आडवं करायचं आणि दवाखान्याची उडती गाडी बोलवायची. तसाही आम्हाला दुसरा इलाज नव्हता. आमचं गाव घाटाच्या एका फाट्यावर, पंधरा-वीस घरांचं. खालून वर येणारा एकच रस्ता, आणि तो परवाच दरडीखाली गेला होता.

मी तिला चटईवर निजवलं, पायांखाली उशा दिल्या आणि फोनवरचं लाल बटण दाबलं. तिच्या मनगटावरच्या पट्टीने नाडी आणि रक्तदाब कळवला. लगेच उत्तर आलं: ‘विनंती वैध. गाडी निघाली.’

खरं सांगतो, त्या क्षणी मला जरा अभिमानच वाटला. तो ‘वैध’ शब्द माझ्या भाषेतला होता. सावंतवाडीच्या तळावरून आमच्या अंगणात यायला गाडीला दहा-बारा मिनिटं लागतात. गाडीत रक्ताच्या पिशव्या असतात, पडद्यावर डॉक्टर असतात. मी रेणुकाला म्हटलं, “निघाली गाडी. डोळे मिटू नकोस फक्त.”

मग मी नकाशा उघडला. सावंतवाडीपासून आमच्यापर्यंत गाडीचा ठिपका कुठेच दिसेना. नकाशा लहान केला. कोल्हापूर दिसलं, सोलापूर दिसलं, ठिपका नाही. आणखी लहान केला तेव्हा तो दिसला. गाडी वाशीमच्या तळावरून उडाली होती आणि रेणुकाच्या माहेरी निघाली होती.

मी ठिपक्यावर बोट दाबून पाहिलं. विनंती आमचीच होती.

हे कसं झालं ते मला त्याच क्षणी कळलं, पण तुम्हाला कळायचं तर थोडं मागे जावं लागेल. लवकर सांगून टाकतो.

‘चौकट’ ही आम्ही बनवलेली प्रोग्रॅमिंगची भाषा. आम्ही म्हणजे मी, मिरजेचा शकील बागवान आणि राज्यभर पसरलेले शे-दोनशे हौशी लोक. भाषा खुली आहे. कोणीही वाचावी, फुकट वापरावी, सुधारणा सुचवावी. दोन राखणदारांनी मान्य केली की सुधारणा सगळीकडे लागू होते. शकील आणि मी ते राखणदार.

मुळातली कल्पना जुनीच. एक्सएमएल नावाची लिहिण्याची एक पद्धत आहे. प्रत्येक माहितीच्या आधी आणि नंतर पाटी लावायची: इथे नाव सुरू, इथे नाव संपलं; इथे पत्ता सुरू, इथे पत्ता संपला. मांडणीतल्या डब्यांना चिठ्ठ्या लावाव्यात तसं. आणि स्कीमा म्हणजे त्या डब्यांचा कायदा: कुठल्या डब्यात कुठला डबा बसेल, किती बसतील, कुठला असलाच पाहिजे. पूर्वी हा कायदा फक्त माहितीला लावत. आम्ही तो प्रोग्रॅमलाच लावला. चौकटीतला प्रोग्रॅम स्कीमात बसला नाही तर तो चुकीचा चालत नाही, तो सुरूच होत नाही. यंत्रंच यंत्रांचे प्रोग्रॅम लिहायला लागली तेव्हा सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. अशा वेळी माणसांनी लिहिलेला, कोणालाही वाचता येणारा, यंत्राला मोडता न येणारा कायदा लोकांना हवाच होता. चार-पाच वर्षांत उडत्या गाड्यांपासून इस्पितळांच्या दारांपर्यंत सगळं चौकटीवर आलं.

स्कीमात आणखी एक सोय असते, तिच्याकडे फारसं कोणी पाहत नाही. एखादा डबा रिकामा राहिला तर त्यात काय आहे असं धरून चालायचं, हेही स्कीमात लिहून ठेवता येतं. यंत्र वाचताना ती गोष्ट मुकाट्याने भरून घेतं. तुम्ही लिहिलेल्या मजकुरात ती कुठेच दिसत नाही.

आता गाडीने कुठे जायचं हे फोन सांगत नाही. फोनचं ठिकाण खोटं दाखवून गाड्या पळवायचा खेळ सुरू झाला होता, म्हणून पत्ता कुटुंबाच्या नोंदीतून येतो. आणि पहिलटकरणी सातव्या महिन्यानंतर माहेरी जातात. त्या माहेरी आणि गाडी सासरच्या दारात, असं एकदा खरोखर झालं होतं. त्यात एक मुलगी गेली. मग मिरजेच्या बैठकीत नगरच्या एका कार्यकर्तीने सुचवलं: पहिलं बाळंतपण असेल, सातवा महिना पूर्ण असेल आणि बाईने वेगळं काही लिहिलं नसेल, तर पत्ता माहेरचा धरावा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आपल्या रीतभाती जाणणारी जगातली पहिली भाषा म्हणून आम्ही तेव्हा केवढे खूश होतो! त्या एका ओळीने पुढे कित्येक बायका वाचल्या, हेही खरं आहे.

रेणुकाच्या माहेरी मात्र तीन वर्षांत कोणी आमचं नाव घेतलं नव्हतं. कोकणातला गाबीत, मासेमारांच्या घरचा मुलगा आणि वाशीमच्या डाळ मिलवाल्यांची एकुलती एक मुलगी. तिची आई आधीच गेलेली. वडील, भगवंतराव काळबांडे, चारचौघांत म्हणाले होते की या मुलीला आता माहेर नाही.

“तू ते भरलं नव्हतंस?” मी रेणुकाला विचारलं. “सातव्या महिन्यात विचारतात ना, बाळंतपण कुठे म्हणून?”

तिचे ओठ पांढरे पडले होते. “रिकामं ठेवलं होतं,” ती म्हणाली. “मुद्दाम. वाटलं, बाबा बोलावतील.”

आमच्या भाषेत रिकामं असं काही राहतच नाही, हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. घरात आपल्या कामाबद्दल कोण बोलतं?

मी पत्ता बदलायला गेलो. ‘विनंती चालू असताना रुग्णाची नोंद बदलता येणार नाही.’ विनंती रद्द करायला गेलो. ‘गाडी पोचून डॉक्टर पाहीपर्यंत रद्द करता येणार नाही.’ एका घरच्यांनी मध्येच विनंती रद्द करून सुनेला घरीच ठेवलं होतं, त्यानंतर आम्ही ही कडी घातली होती. मग मी स्वतःच्याच नावाने विनंती टाकली, छातीत दुखतंय म्हणून. पट्टी सगळ्यांच्याच मनगटावर असते; माझ्या पट्टीने माझी नाडी पाहिली. नाडी घोड्यासारखी धावत होती, पण हृदय ठणठणीत होतं. ‘विनंती अवैध. आजार आढळत नाही.’ भीती हा आजार स्कीमात नव्हता.

रेणुकाच्या फोनवरून सावंतवाडीच्या तळावर फोन लावला. तिथे गावडे नावाचे गृहस्थ देखरेखीला असतात.

“गाडी हयच आसा, साहेब,” ते म्हणाले. “माज्या समोर उभी आसा. पण तिका हुकूम नाय तर पंखो फिरूचो नाय.”

“हाताने चालू करा ना! माणूस मरतंय इथे!”

“हाताचा बटानच नाय तिका. तुमीच लोकांनी काढून टाकलास ना ता?”

रेणुकाच्या खाली घातलेली चादर मी बदलली. दुसरी चादर पहिलीपेक्षा लवकर भिजली. मला एवढी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती आणि ती लपवायचंही भान मला राहिलं नव्हतं.

मी शकीलला फोन केला. तो मिरजेत गाडी चालवत होता, त्याने ती कडेला घेतली.

“ती माहेरची ओळ काढतोय,” मी म्हणालो. “तू मान्य कर. आत्ता, या मिनिटाला.”

तो म्हणाला, “सुहास, ओळ काढली की सगळ्यांचीच निघते रे. आत्ता शेकडो पोरी माहेरी असतील. त्यांनी काही लिहिलेलं नाही, त्या ओळीच्याच भरवशावर आहेत. एखादीची गाडी आत्ता हवेत असेल, ती मागं फिरंल.”

“मला माझी बायको दिसतेय फक्त.”

“मला पण वहिनीच दिसायलीय. पण म्हणून मी हो म्हणू का? तूच सांग. तू हो म्हण, मी दाबतो.”

बटण माझ्याही समोर होतं. मी शिव्या दिल्या. त्याला दिल्या, भाषेला दिल्या, टाळ्या वाजवणाऱ्या त्या बैठकीला दिल्या. पण ‘हो’ मात्र माझ्या तोंडून निघेना. कुठल्याशा गावात माझ्यासारखाच कोणीतरी आत्ता आकाशाकडे बघत उभा असेल, एवढंच डोळ्यांसमोर येत होतं.

तेवढ्यात दुसरा फोन वाजायला लागला. नंबर ओळखीचा नव्हता.

“सुहास मोंडकर काय? मी भगवंतराव काळबांडे बोलून राह्यलो. वाशीमहून.” आवाजाला धाप लागली होती. “माह्या आंगनात गाडी उतरली. रेणूचं नाव घेऊन राह्यली सारखं. रक्त चाललं म्हनते. कोठी हाय रेणू? मी मिलच्या मांगं पाहून आलो, गोदामात पाहून आलो, सारं घर पाह्यलं. ते कोठीच नाई दिसत.”

तीन वर्षं न बोललेला माणूस आपल्या गोदामात पोत्यांच्या मागे मुलीला शोधत होता.

“ती इथे आहे, माझ्याजवळ. गाडी चुकून तुमच्याकडे आली.”

“मंग लावा ना तिले तिकडे! इथं काहून उभी हाय?”

आणि तेव्हा मला वाट दिसली. रेणुकाची नोंद गोठलेली होती. माझी नोंद काही कामाची नव्हती. पण भगवंतरावांच्या घराची नोंद त्यांची स्वतःची होती, ती उघडी होती. त्या घरात रेणुकाचं नाव होतं म्हणून यंत्राला तिचं माहेर सापडत होतं. नावच नसेल तर माहेर सापडणार नाही. माहेर नाही तर पत्ता आमचा. गाडी सावंतवाडीहून सुटणार.

“बाबा,” मी म्हणालो. त्यांना काय हाक मारायची हे मी कधी ठरवलंच नव्हतं. “तुमच्या फोनवर कुटुंबाची नोंद उघडा. रेणुकाचं नाव दिसेल. ते काढून टाका.”

“काढून टाकू?” गाडीच्या पंख्यांच्या आवाजातून ते म्हणाले. “जावई, तोंडानं मी लय बोललो. गावासमोर बोललो. पन नाव नाई काढलं मी. लोकायनं सांगतलं होतं काढा म्हनून. नाई काढलं.”

“माहीत आहे. म्हणूनच गाडी तुमच्याकडे आली. आता काढा. फार वेळ नाही.”

ते फोनशी झटापट करत होते. मग एकेक शब्द लावत मोठ्याने वाचायला लागले. “हे लिहून राह्यलं का, एकदा काढलेलं नाव परत टाकता येत नाई. खरं हाय का हे?”

मी खोटं बोलू शकलो असतो. पण आमच्या स्कीमात घरात येण्याचे तीनच रस्ते होते, जन्म, लग्न आणि दत्तक. जन्म एकदाच होतो.

“खरं आहे,” मी म्हणालो.

मी फोन रेणुकाच्या कानाशी धरला. तिला मान उचलवत नव्हती. ती हळू आवाजात म्हणाली, “बाबा, दाबा. मी तुमचीच आहे. दाबा लवकर.”

पुढे काय झालं ते मला ऐकू आलं नाही. एवढंच ऐकू आलं की वाशीमच्या अंगणातला पंख्यांचा आवाज थांबला. माझ्या फोनवर ठिपका नाहीसा झाला आणि सावंतवाडीच्या तळावर नवा उमटला. रेणुकाच्या चालूच राहिलेल्या फोनवर गावडे ओरडत होते, “सुटली, साहेब, सुटली!”

गाडी अंगणात उतरली तेव्हा रेणुका शुद्धीवर नव्हती.

रेणुका वाचली. उगाच तुम्हाला टांगून ठेवत नाही. ऑपरेशन झालं, पिशव्यांमागून पिशव्या रक्त चढवलं, आणि मुलगी झाली. काचेच्या पेटीत ठेवलेली ती लालबुंद मूठभर पोर पाहून मी पहिल्यांदा पोटभर रडलो. शकीलचा फोन आला. तो म्हणाला की माहेरची ओळ नीट सुधारून बैठकीपुढे ठेवू. ठेवू, मी म्हटलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी भगवंतराव आले. गाड्या बदलत, दरडीला वळसा घालत आले होते. दवाखान्याच्या लिफ्टची भीती वाटली म्हणून चार जिने चढून आले. हातात पिशवी होती, पिशवीत पाच किलो तूरडाळ. दवाखान्यात डाळ कशाला, असं मी विचारलं नाही. मी वाकून नमस्कार केला, त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात बराच वेळ तिथेच राहिला.

“कोठी हाय?” त्यांनी विचारलं.

बाळंतिणींच्या कक्षाला एकेकालाच आत सोडणारं फिरतं दार आहे. बाळं पळवली जाऊ नयेत म्हणून तिथे फक्त नातेवाइकांना प्रवेश. काचेपलीकडे रेणुकाची खाट दिसत होती. तिने त्यांना पाहिलं आणि उठून बसायची धडपड करायला लागली. सिस्टरने तिला परत निजवलं.

भगवंतरावांनी दाराच्या पाटीवर अंगठा टेकवला. दार हललं नाही. पडद्यावर अक्षरं आली. त्यांनी चष्मा वर करून ती एकेक वाचली.

‘नातं आढळत नाही. रुग्णाचे वडील: मृत.’

मला ती ओळ माहीत होती. जन्मघराची नोंद नसलेल्या माणसाचे आईवडील हयात नाहीत असं धरावं, म्हणजे अनाथ मुलांना जागोजागी बापाची सही मागितली जाणार नाही. किती चांगल्या मनाने लिहिलं होतं आम्ही ते! रेणुकाचं जन्मघर रिकामं झालं आणि यंत्राने ती रिकामी जागाही भरून टाकली.

भगवंतराव हसले. “पाहा बरं, याच्या हिशोबानं मी मेलो.” मग आत रेणुकाकडे पाहून त्यांनी हात हलवला, ती रडत होती म्हणून तिला हसवायला स्वतःकडे बोट दाखवून डोळे मिटून मान टाकली. तिला काय ते कळलं नाही. “तूच बनवलं म्हनते ना हे? मंग सांग याले, बुवा जिता हाय म्हना.”

“सांगतो,” मी म्हणालो. “पण लगेच नाही होणार. बैठक घ्यावी लागेल. आठ-पंधरा दिवस तरी लागतील.”

“लागू दे. काचेतून दिसते तं खरी.” ते बाकावर टेकले आणि पंच्याने कपाळाचा घाम पुसायला लागले. घाम फार होता. चार जिन्यांचा असेल, असं मी मनाला सांगितलं. “आनि हे एक पाहून दे,” त्यांनी मनगट पुढे केलं. “हे पट्टी बंद पडली. बसमंदी बसलो तवापासून दिवा लागत नाई. सेल गेला वाट्टे.”

पट्टीचा सेल पाच वर्षं जात नाही. दोन नोंदी एकमेकींशी जुळल्याच पाहिजेत, असा आमचा आणखी एक नियम होता. मुलीच्या नोंदीत बाप मेला की बापाच्या नोंदीतही तो मेलाच पाहिजे. आणि मेलेल्या माणसाची नाडी कोणी मोजत बसत नाही. भगवंतरावांसाठी कुठलीच गाडी कुठूनच उडणार नव्हती, इथल्या जिन्यावर पडले तरी नाही.

“हो, सेलच गेला असेल,” मी म्हणालो.

मी त्यांच्याजवळ बसलो, त्यांचा हात मांडीवर घेतला आणि पट्टी वर सरकवून अंगठ्याखाली नाडी शोधायला लागलो. मला नीट येत नव्हतं. आधी काही लागेचना.

“काय पाहून राह्यला?” त्यांनी विचारलं.

“काही नाही, बाबा. थोडा वेळ असेच बसा.”